परदेशी उड्डाणं कुणाच्या हातात? वैमानिकांच्या करारातल्या कामाच्या हद्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कुणासाठी लिहिलंय?

नाशिक आणि आसपासच्या ज्या घरांतला मुलगा किंवा मुलगी विमान कंपनीत वैमानिक आहे, किंवा शिरपूर, धुळे, बारामती, गोंदियाला शिकतेय, त्या घरांसाठी. आमच्याकडे इंदिरानगरला, ज्याची सुट्टी जमेल तसे, काही वैमानिक आणि त्यांचे आईवडील एकत्र बसतात. सुरुवात रोस्टर, बाँड, बदली यांनी होते आणि गाडी दर वेळी एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: आपल्या कंपनीची लांब पल्ल्याची परदेशी विमानं बाहेरचे वैमानिक उडवणार असतील, तर आपल्या मुलांच्या हाती काय राहणार?

मी स्वतः वैमानिक नाही. सातपूरच्या एका कारखान्यात 31 वर्षं टर्नर होतो, त्यातली 14 वर्षं युनियनच्या कमिटीवर. धाकटी मुलगी एअरबस ए-320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. करारातली कलमं लिहिण्यात आणि त्यावर भांडण्यात आयुष्य गेलं, म्हणून लोक मला विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा लिहून काढले.

उड्डाण ‘बाहेरून घेणं’ म्हणजे नक्की काय?

तिकिटावर नाव एका कंपनीचं, फ्लाइट नंबर तिचाच, पण विमान आणि कॉकपिटमधली माणसं दुसऱ्या कंपनीची. याचे प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते.

ड्राय लीजमध्ये फक्त विमान भाड्याचं असतं, वैमानिक आपलेच. भारतातली बहुतेक प्रवासी विमानं अशी भाड्याचीच आहेत, त्यावर कुणाची तक्रार नाही. वेट लीजमध्ये विमान, वैमानिक, केबिन क्रू, देखभाल आणि विमा, सगळं दुसऱ्याचं. डॅम्प लीजमध्ये विमान आणि वैमानिक दुसऱ्याचे, केबिन क्रू मात्र पूर्ण किंवा काही प्रमाणात आपला. कोडशेअर म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या विमानावर आपला नंबर लावून तिकीट विकणं. आणि जॉइंट व्हेंचर म्हणजे दोन कंपन्यांनी एखाद्या मार्गाचं उत्पन्न वाटून घेणं. यात विमान कुणी उडवलं याने कंपनीच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. वैमानिकाच्या आयुष्यात पडतो.

भारतात हे कुठे झालंय?

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण इंडिगोचं. 1 फेब्रुवारी 2023 पासून दिल्ली-इस्तंबूल मार्गावर टर्किश एअरलाइन्सचं बोईंग 777 डॅम्प लीजवर आलं आणि त्याच वर्षी दुसरं 777 मुंबई-इस्तंबूलवर लागलं. मे 2025 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, 31 ऑगस्टपर्यंतची मुदतवाढ देताना ती शेवटची असल्याचं म्हटलं होतं. नंतर ती पुन्हा फेब्रुवारी 2026 पर्यंत वाढली. दुसरीकडे जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमची उड्डाणं सुरू झाली, ती नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून डॅम्प लीजवर घेतलेल्या 787-9 विमानांवर.

इस्तंबूलच्या प्रकरणात देशादेशांतल्या संबंधांवरून बराच गदारोळ झाला. तो मी इथे बाजूला ठेवतो. माझं लक्ष ‘शेवटची’ या शब्दाकडे गेलं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

स्वतःचे हजारो वैमानिक असताना कंपनी असं का करते?

कंपनीची बाजू खोटी नाही, ती समजून घेतलीच पाहिजे. नवं वाइड बॉडी, म्हणजे लांब पल्ल्याचं मोठं, विमान आज मागितलं की उद्या मिळत नाही. इंडिगोने एप्रिल 2024 मध्ये 30 एअरबस ए-350 मागवली, नंतर तो आकडा 60 वर नेला, पण पहिलं विमान यायला 2027 उजाडणार असं तेव्हाच ठरलेलं होतं. तोवर युरोपचा प्रवासी थांबत नाही. तो आखाती कंपनीचं विमान पकडून दुबईमार्गे किंवा दोहामार्गे जातो. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66 हजार आसनं आहेत, आणि दुबईच्या बाजूची आसनं भरून वर आणखी मागणी होत असते. आपली कंपनी त्या बाजारात उतरलीच नाही, तर 2027 मध्ये विमानं येऊनही प्रवासी दुसऱ्याच्या सवयीचा झालेला असेल.

शिवाय ए-320 चा वैमानिक उठून सोमवारी 787 वर बसू शकत नाही. प्रत्येक प्रकाराचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची मान्यता, वेगळं; सिम्युलेटर वेगळा, प्रशिक्षक वेगळे, मग मार्गावरचं प्रशिक्षण. सहा भाड्याच्या विमानांसाठी एवढा डोलारा उभा करायचा आणि दोन वर्षांनी ती विमानं परत करायची, हा सौदा कंपनीला परवडत नाही. हे मला पटतं. पण एक गोष्ट यात सांगितली जात नाही. परदेशी उड्डाणाचा हक्क दोन देशांच्या करारातून येतो. तो देशाचा असतो आणि सरकार तो आपल्या कंपन्यांना वाटून देतं. भारताच्या वाट्याच्या हक्कावर परदेशी विमान परदेशी वैमानिकांसह चालतं, तेव्हा त्या हक्कातून इथल्या माणसाला काय मिळालं, हे विचारायचा अधिकार त्या माणसाला आहे.

कुणाची नोकरी तर गेली नाही ना? मग तक्रार कसली?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, त्यामुळे उत्तर जरा लांब आहे.

आधी हिशोब. समजा मुंबईहून युरोपला रोज एक फेरी आहे, जाऊन-येऊन 19 तासांची. वर्षाला जवळपास 6,900 तास झाले. एवढ्या लांबच्या उड्डाणाला तीन वैमानिक धरले, तर 20,700 वैमानिक-तास. आपल्याकडे एका वैमानिकाला 365 दिवसांत 1,000 तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. म्हणजे कायद्याची कमाल मर्यादा गाठली तरी एका मार्गाला किमान 21 वैमानिक लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की आणखी. तो मार्ग बाहेर गेला की या खुर्च्या यादीत येतच नाहीत. कुणाला काढलं नाही हे खरं, पण 21 जण वर सरकले नाहीत. ते सरकले नाहीत म्हणून त्यांच्या मागच्या फर्स्ट ऑफिसरना कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, मिळाली नाही, आणि त्यांच्या मागे कमर्शियल लायसन्स हातात घेऊन घरी बसलेल्या मुलांना बोलावणं आलं नाही. रांग पुढून अडली की शेवटचा माणूसही तिथेच उभा राहतो.

दुसरी गोष्ट लॉगबुकची, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीची. आता तास ऑनलाइन भरावे लागतात, तरी माझी मुलगी पुठ्ठ्याच्या बांधणीची वहीही ठेवते. दिवाळीत ती घरी आली होती तेव्हा चाळायला मागितली. तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणीची अक्षरं, कुठून, कुठे, दिवसाचे तास, रात्रीचे तास. प्रकाराच्या रकान्यात पानामागून पान एकच नोंद, ए-320. सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. ती म्हणाली, “बाबा, हा रकाना बदलला नाही ना, तर बाकीचे रकाने कितीही भरले तरी बाहेरची कंपनी मला ए-320 चीच माणूस समजणार.” मोठ्या विमानाची जागा निघते तेव्हा आधी त्याच विमानावरचे तास विचारतात. ते तास ज्याच्या कंपनीत उडतात त्यालाच मिळतात. आज अ‍ॅमस्टरडॅमच्या फेरीचे तास जमा होताहेत, पण ते दुसऱ्या कुणाच्या वहीत.

‘स्कोप’ हा शब्द सारखा ऐकू येतो. तो कुठून आला?

अमेरिकेतून. तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकांची युनियन आणि कंपनी यांच्यात सामूहिक करार असतो. एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे अल्पा, 1931 पासून आहे. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी 1963 मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली. या करारांचं पहिलंच प्रकरण पगाराचं नसतं, स्कोपचं असतं. त्याचा गाभा साधा आहे: कंपनीचं उड्डाण कंपनीच्या ज्येष्ठता यादीवरचे वैमानिकच करतील. पुढची सगळी पानं अपवादांची. कोणतं काम बाहेर देता येईल, किती, किती मोठ्या विमानावर, आणि त्या बदल्यात आपल्या वैमानिकांना किती काम द्यावं लागेल.

मी मराठीत याला कामाची हद्द म्हणतो. शेताला बांध असतो तसा.

तिथे आणखी एक सोय आहे, ती मला फार मोलाची वाटते. तिथले विमान कर्मचारी रेल्वेसाठी केलेल्या 1926 च्या कायद्याखाली येतात, जो 1936 मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यानुसार कराराची तारीख उलटली तरी करार संपत नाही, फक्त बदलायला खुला होतो. नवा होईपर्यंत जुनी कलमं चालू राहतात. सातपूरला आम्ही मुदत संपलेला करार घेऊन दीड-दोन वर्षं लटकलेलो आहोत, त्यामुळे ही तरतूद पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी ती दोनदा वाचून घेतली.

तिथे हे कलम टिकलं का?

काही ठिकाणी टिकलं, काही ठिकाणी त्याला भोकं पडली.

देशांतर्गत छोट्या मार्गांवर मोठ्या कंपन्यांनी आपल्या नावाने प्रादेशिक कंपन्यांची विमानं चालवली. आधी छोटी, मग जरा मोठी. 2001 नंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या तेव्हा मर्यादा आणखी सैल करून घेतल्या गेल्या. आता मोठ्या करारांत ती साधारण 76 आसनांवर आणि 86 हजार पौंड वजनावर येऊन थांबलीय. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ असंच एक विमान पडलं. तिकीट कॉन्टिनेंटलच्या नावाचं, उडवत होती कोल्गन एअर. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. चौकशीत कारण कॅप्टनने स्टॉलच्या (वेग घटून पंखांचा आधार सुटण्याच्या) इशाऱ्याला दिलेल्या चुकीच्या प्रतिसादाचं निघालं, पण सुनावणीत प्रादेशिक वैमानिकांचा तुटपुंजा पगार आणि रात्रभर प्रवास करून ड्युटीवर येणं, हे सगळं लोकांसमोर आलं. त्यानंतर कायदा बदलला आणि फर्स्ट ऑफिसरलाही सर्वसाधारणपणे 1,500 तासांची अट आली.

परदेशी उड्डाणांतही झगडे झाले. 2010 मध्ये युनायटेडने वॉशिंग्टन-माद्रिद मार्गासाठी आयर्लंडच्या एअर लिंगसशी भागीदारी केली. युनायटेडच्या वैमानिकांचा रोष असा की दोन्ही टोकांपैकी एकही टोक आयर्लंडमध्ये नाही, मग हे उड्डाण त्यांचं कसं? नॉर्वेजियनचं प्रकरण तर कित्येक वर्षं चाललं. मूळ कंपनी नॉर्वेची, उपकंपनी आयर्लंडमध्ये नोंदलेली, वैमानिक आशियातल्या एजन्सीमार्फत कंत्राटावर. अमेरिका आणि युरोप यांच्या करारात कामगारांच्या हिताचं एक कलम 2010 मध्ये घातलेलं होतं, 17 बिस या क्रमांकाचं. अल्पाने त्यावर बोट ठेवलं. अमेरिकेच्या परिवहन खात्याने डिसेंबर 2016 मध्ये परवानगी दिलीच, कारण ते कलम वाचायला चांगलं असलं तरी त्यात परवानगी नाकारण्याची सक्ती नव्हती. पुढे 2021 मध्ये नॉर्वेजियनने लांब पल्ल्याची उड्डाणं स्वतःहूनच बंद केली.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आमच्या बैठकीत सर्वांत जास्त चर्चेला येतं. क्वांटासच्या लांब पल्ल्याच्या वैमानिकांनी 2011 मध्ये मागणी केली की क्वांटासचा नंबर असलेलं विमान क्वांटासच्याच अटींवरचे वैमानिक उडवतील. त्यांनी काम बंद केलं नाही. लाल टाय घातले आणि विमानात प्रवाशांना आपलं म्हणणं सांगितलं. इतर युनियनांचेही वाद त्याच वेळी चालू होते. 29 ऑक्टोबर 2011 ला कंपनीने स्वतःचीच सगळी विमानं जमिनीवर उतरवली. दोन दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाने आंदोलन आणि टाळेबंदी दोन्ही थांबवली. पुढे लवादातही वैमानिकांना हवं ते कलम मिळालं नाही.

भारतात असा करार होऊ शकतो का?

खासगी विमान कंपन्यांत आज वैमानिकाच्या हातात असतं ते त्याचं एकट्याचं नियुक्तिपत्र. जुन्या एअर इंडियात युनियनशी करार होत असत. इंडियन पायलट्स गिल्ड ही मुख्यतः मोठ्या विमानांवरच्या वैमानिकांची, इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन ही पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची.

वैमानिक ‘कामगार’ आहे का, हा वाद न्यायालयांत वारंवार गेलाय. पालक मला विचारतात, एवढा पगार असलेला माणूस कामगार कसा? पगारावर ते ठरत नाही, मुख्य काम काय यावर ठरतं. तांत्रिक आणि कुशल काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. 18,000 रुपयांची मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्याला. म्हणून कंपन्या म्हणतात की कॅप्टन क्रूवर देखरेख करतो, आणि वैमानिक म्हणतात की आम्ही विमान उडवतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगार सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव हक्क आहे. संपाला किमान 14 दिवसांची नोटीस लागते. हे 51 टक्के जमवायचे कसे, हा खरा डोंगर आहे. ज्यांचा बेस सात शहरांत आणि सुट्टी सात वेगवेगळ्या दिवशी, त्यांची गेट मीटिंग कुठल्या गेटवर घ्यायची?

2012 च्या एअर इंडियाच्या संपातून काय घ्यावं?

तो संप 58 दिवस चालला, मे ते जुलै. मुद्दा होता नवीन 787 वर कुणाला प्रशिक्षण द्यायचं याचा. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, पण वैमानिक मनाने दोन राहिले. गिल्डचं म्हणणं, लांब पल्ला आमचा. समोर बाहेरचं कुणी नव्हतं, आपल्याच कंपनीतले दुसरे वैमानिक होते. गिल्डची मान्यता काढली गेली, शंभरावर जणांना बडतर्फ केलं गेलं आणि शेवटी दिल्ली उच्च न्यायालयात आश्वासन देऊन संप मिटला.

मला त्याचं फार वाईट वाटतं. कामाची हद्द आपसात आखायला गेलं की बाहेरची हद्द उघडी पडते. एअर इंडिया आणि विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एक झाल्या तेव्हाही ज्येष्ठतेचा प्रश्न निघालाच. ज्येष्ठतेची यादी आधी एक झाली पाहिजे, त्याशिवाय ‘यादीवरचेच वैमानिक’ हे वाक्य लिहिताच येत नाही.

यात नाशिकचा काय संबंध? ओझरहून तर परदेशी विमानं नाहीत.

ओझरहून इंडिगोची देशांतर्गत विमानं आहेत. युरोपला जाणारा नाशिककर मुंबई गाठतो. पण ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ यांची गोष्ट नाशिकला नवी नाही. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत ती घराघरात ठाऊक आहे.

आमच्या कारखान्यात पॅकिंगमध्ये ठेकेदाराची 12 मुलं आली. ऑर्डर वाढली म्हणून, तीन महिन्यांसाठी, असं तोंडी सांगितलं. युनियनने हरकत घेतली नाही. तेव्हा कमिटीत मीही होतो आणि मीही गप्प बसलो. तीन महिन्यांची 11 वर्षं झाली. दर काही महिन्यांनी मुलांना ब्रेक द्यायचा आणि पुन्हा घ्यायचं. पॅकिंगनंतर असेंब्ली, असेंब्लीनंतर मशीन शॉप. शेवटी कायम कामगार कमी आणि कंत्राटी जास्त झाले, आणि करारासाठी बसलो तेव्हा आमच्या सह्यांना वजन उरलं नव्हतं. त्या मुलांचा यात काही दोष नव्हता. त्यातला एक पुढे माझा चांगला मित्र झाला.

कायदा काही करेल म्हणावं तर तेही सरळ नाही. एअर इंडियाच्याच कंत्राटी सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटलं होतं की कंत्राटी पद्धत बंद झाली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. 2001 मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल उलटवला. तेव्हापासून मी तरुणांना सांगतो की न्यायालयाच्या भरवशावर राहू नका, जे हवं ते करारात लिहून घ्या.

हे परदेशी वैमानिकांच्या विरोधात आहे का?

नाही. त्या कॉकपिटमध्ये बसलेला नॉर्वेचा किंवा तुर्कस्तानचा माणूस आपल्या मुलांसारखाच सीनिऑरिटीची वाट बघत मोठा झालाय. भारतीय वैमानिकही आखातात आणि आग्नेय आशियात काम करतात, नाशिकचीही मुलं आहेत.

बाहेरचे वैमानिक म्हणजे विमान कमी सुरक्षित का?

असं म्हणायला मला आधार नाही, आणि बैठकीत कुणी म्हटलं तर मी थांबवतो. भाड्याच्या विमानावर देखरेख कुणी करायची हे शिकागो कराराच्या 83 बिस या कलमानुसार दोन देश ठरवू शकतात. एवढं खरं की जिथे तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं आणि देखरेख तिसऱ्याची असते, तिथे जबाबदारीचा धागा शोधायला वेळ लागतो. थकव्याचे नियमही विमान ज्या देशाचं त्या देशाचे असू शकतात. सुरक्षेचं नाव घेऊन नोकरीचा मुद्दा लढवू नये असं मला ठाम वाटतं. नोकरीचा मुद्दा आपल्या पायावर उभा राहण्याइतका सशक्त आहे.

बैठकीत एकमत कशावर होत नाही?

बऱ्याच गोष्टींवर. एक निवृत्तीला आलेले कॅप्टन म्हणतात, डॅम्प लीज मुळातच बंद करा, एकदा दार उघडलं की बंद होत नाही. सिन्नरचा एक फर्स्ट ऑफिसर त्यांना म्हणाला, “सर, तो मार्ग आज सुरूच झाला नाही तर 2027 ला माझ्यासाठी मार्ग असणार कुठे?” दोघांचंही बरोबर आहे, आणि त्या संध्याकाळी चहा गार होईपर्यंत कुणी माघार घेतली नाही.

दुसरा मुद्दा पगाराचा. कंपनी उद्या म्हणाली की 15 टक्के वाढ घ्या आणि हद्दीचं कलम सोडा, तर? घराचे हप्ते आणि टाइप रेटिंगचं कर्ज डोक्यावर असलेला मुलगा वाढ घेणार, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण वाढ पुढच्या करारात पुन्हा मागता येते. सोडलेली हद्द परत मिळाल्याचं मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

तिसरा मुद्दा थेट बाहेरून घेतलेल्या कॅप्टनचा. नवीन मोठं विमान आलं की कंपनी त्यावर अनुभवी परदेशी कॅप्टन घेते, डीजीसीएच्या तात्पुरत्या परवानगीवर. विमान आपलं, यादी आपली, पण वरची खुर्ची थेट भरलेली. काहींना हे लीजपेक्षा जास्त झोंबतं. माझं मत असं की सुरुवातीला प्रशिक्षक म्हणून ते लागणारच, फक्त त्यांची संख्या दर वर्षी किती कमी होणार हे आधी लिहिलेलं असावं.

मग कलम कसं लिहायचं?

आम्ही एक मसुदा करून पाहिला. मुलीच्या बॅचच्या एका मुलाने लॅपटॉपवर टाइप करून आणला होता: “अपवादात्मक परिस्थितीत कंपनी तात्पुरत्या स्वरूपात बाहेरून उड्डाणं घेऊ शकेल.” कॅप्टन साहेबांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि एकाच ओळीत दोन शब्दांना गोल केले, ‘अपवादात्मक’ आणि ‘तात्पुरत्या’. कागद माझ्याकडे सरकवला. मला पॅकिंगमधली ती 12 मुलं आठवली.

आता त्या ओळीच्या जागी आमच्या मसुद्यात दीड पान आहे. अपवाद म्हणजे काय ते मोजून लिहिलंय: मागवलेलं विमान उत्पादकाकडून उशिरा येणं, इंजिनाच्या दोषामुळे विमान जमिनीवर असणं. पहिली मुदत सहा महिने, कंपनीला स्वतःहून वाढ एकदाच, आणि दुसऱ्या वाढीला युनियनची लेखी संमती. ‘शेवटची मुदतवाढ’ हा शब्दप्रयोग कुठेही नाही, तारीख आहे.

मोजमाप उड्डाणांच्या संख्येत करायचं नाही, ब्लॉक अवर्समध्ये, म्हणजे विमान जागचं हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतच्या तासांत, करायचं. कंपनी म्हणू शकते की अ‍ॅमस्टरडॅमच्या तीन फेऱ्या बाहेर दिल्या, पण तुम्हाला दुबईच्या तीन नव्या फेऱ्या दिल्या, हिशोब बरोबर. अ‍ॅमस्टरडॅमला एका बाजूने नऊ-दहा तास लागतात, दुबईला तीन-सव्वातीन. संख्या तीच, तास एक तृतीयांश. आसनांचं मोजमापही फसवतं, कारण छोट्या मार्गावर आसनं भरपूर दाखवता येतात.

प्रशिक्षणाची अट मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. भाड्याच्या प्रत्येक विमानामागे यादीवरच्या ठरावीक वैमानिकांचं वाइड बॉडी टाइप रेटिंग त्याच काळात, कंपनीच्या खर्चाने सुरू झालं पाहिजे. मग लीज संपते तेव्हा तिची जागा घ्यायला माणसं तयार असतात आणि मुदतवाढीचं कारणच उरत नाही. आणि कलम मोडलं तर काय, हेही लिहायला हवं: बाहेर उडालेल्या जादा तासांचा पगार यादीवरच्या वैमानिकांत वाटला जाईल. ही ओळ नसेल, तर वर लिहिलेलं सगळं पाळायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर राहतं.

असा करार आज भारतात कुणाच्याही हातात नाही, हे मला माहीत आहे. मसुदा तयार असला की मागणीपत्राच्या दिवशी कोरा कागद समोर राहत नाही, म्हणून तो करून ठेवलाय.

याने तिकीट महागेल का?

थोडंफार महागू शकतं. लीजचं भाडंही काही स्वस्त नसतं, त्यामुळे फरक लोकांना वाटतो तेवढा नसावा.

मुलाला पायलट करायचंय. नोकरी घेताना काय बघू?

पगार बघालच. त्याआधी बाँड किती रकमेचा आणि किती वर्षांचा ते बघा. नोटीस कालावधी बघा: डीजीसीएच्या 2017 च्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे ‘नाही पटलं तर सोडू’ इतकं ते सोपं नाही. मग एक प्रश्न कंपनीला लेखी विचारा: मोठी विमानं आल्यावर त्यांवर जाण्याचा क्रम कशाने ठरणार, ज्येष्ठतेने की निवडीने? उत्तर आलं नाही तरी विचारल्याची ईमेल जपून ठेवा. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज थांबली तेव्हा ज्यांच्याकडे कागद नीट होते, त्यांना पुढची धावपळ थोडी सोपी गेली.

बैठकीला येताना काय आणायचं?

नियुक्तिपत्राची झेरॉक्स. पगाराचा आकडा झाकून आणला तरी चालेल, आम्हाला फक्त कामाच्या जागेचं, बदलीचं आणि ‘कंपनी आवश्यकतेनुसार’ या शब्दांनी सुरू होणारं कलम वाचायचं असतं. एकाच कंपनीची चार वेगवेगळ्या वर्षांची पत्रं शेजारी ठेवली की त्या कलमातला कुठला शब्द कधी बदलला ते लगेच दिसतं. आत्तापर्यंत नऊ पत्रं जमली आहेत. वाइड बॉडीवरच्या कुणाचं एकही नाही, ते कुणाकडे असेल तर आवर्जून आणा.